वर्षश्राद्धाला बुंदी वाढायची की गेलेल्याचं आयुष्य वाचायचं?

माणदेशी_पोर
गेल्या महिन्यात चुलत्यांचं वर्षश्राद्ध झालं. मांडव, दोन तास कीर्तन, बाराला फुलं, मग हजारभर पानं उठली. स्टँडपासून घरापर्यंत सहा फ्लेक्स. महाराजांना चुलत्यांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ते त्यांनी सुरुवातीला एकदा घेतलं आणि शेवटी एकदा. निरूपण झकास झालं, पण चुलते त्यात कुठंच नव्हते.

चुलते विहिरी बांधायचे. १९७२ च्या दुष्काळात चौदा वर्षांचे असताना आजीबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले. सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. तो तलाव अजून आहे. त्यांचीच नातवंडं त्यात पोहतात आणि त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

माझं म्हणणं एवढंच, की कीर्तनाआधी दहा मिनिटं घरातल्या कुणीतरी एक कागद वाचावा. कुठं जन्मला, काय केलं, काय चुकलं. तो कागद घरात जपून ठेवावा आणि जेवण घरच्यांपुरतं करावं. भावकीत हे बोललो तर 'लई शिकलायस' म्हणाले. तुम्हाला काय वाटतं?

गावगाडा
'जेवण घरच्यांपुरतं' इथंच आपलं फाटलं. माझ्या वडलांच्या तेराव्याला लांबच्या वस्तीवरचा एक म्हातारा आला होता. पंगतीत माझ्या शेजारी बसला आणि आमटीत भात कालवता कालवता म्हणाला, "तुझ्या बापानं माझी म्हैस विहिरीतनं काढलीती. रातभर. सकाळी च्या पण न पिता गेला." मी त्या माणसाला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तुमच्या कागदात ही म्हैस आली असती का? पंगत बंद केली की सांगणारा येणार कुठून?

हिशेबी
कर्ज काढून तेरावं घालू नका हे गाडगेबाबा हयातभर सांगत फिरले. १९५६ ला ते गेले आणि आपण अजून पतसंस्थेत जामीनदार शोधतोय. बुंदी कशाला? पिठलं-भाकरीवर म्हैस आठवत नाही का?

गावगाडा
भुकेल्याला जेवू घाला हेही गाडगेबाबाच सांगायचे. पिठलं-भाकरी चालेल, पंगत पाहिजे.

सासुरवाशीण
कागद, पंगत दोन्ही राहू द्या. आधी पत्रिका बघा. 'शोकाकुल' खाली मुलगे, पुतणे, नातू आणि मग 'समस्त परिवार'. त्या परिवारात लेकी आणि सुना. सासूबाईंचं शेवटची तीन वर्षं मी केलं आणि मी 'समस्त' मध्ये.

आमच्यात म्हाळाला गुरुजी तीन पिढ्यांची नावं विचारतात. आजेसासऱ्यांचं नाव सगळ्यांना पाठ होतं. आजेसासूबाईंचं विचारलं तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. सगळे त्यांना 'थोरली' म्हणायचे. शेवटी सासरे म्हणाले, "लक्ष्मी म्हणा." म्हणजे लग्नात एकदा नाव गेलं आणि मेल्यावर दुसऱ्यांदा. आळूची भाजी मात्र दरवर्षी होते, कारण थोरलीला आवडायची. ते बायकांनी लक्षात ठेवलंय.

सुगीचा_पाहुणा
लिहिणारे आपल्याकडं होतेच की. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं हेळवी येतात. सुगी झाली की पूर्वी बैलावरनं यायचे, दारात बसून घराण्याच्या पिढ्या म्हणायचे, मूळ गाव कुठलं, कोण कुठनं उठून इकडं आला. धान्य घ्यायचे आणि घरात नवं पोरगं जन्मलेलं असलं की त्याची नोंद करायचे. शहरातल्या घरात हे कोण करतं? पण वरच्या ताईंचं खरं आहे. बापाचा बाप, त्याचा बाप, असंच ते चालतं. म्हैस त्यातही नाही.

औसेकर
हा वाद वाचून जरा गंमत वाटली, राग मानू नका. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. दगड-मातीच्या रुंद भिंती झोपेतच अंगावर आल्या. सरणाला लाकूड पुरेना, एकेका चितेवर किती ठेवले त्याचा हिशेब नाही.

माझ्या मामाच्या घरातला सहा वर्षांचा एक पोरगा तेवढा वाचला. आईचा फोटो नाही, लुगडं नाही, पितळेचा तांब्यासुद्धा नाही. पंगतीत बसून सांगणारे शेजारीही त्याच रात्री गेले. यादीत आईचं नाव आहे. ती हसताना पदर तोंडावर धरायची, हे माझी आई त्याला सांगायची. माझी आई गेल्या साली वारली. आता ते मला सांगता येतं, पण मी ते पाहिलेलं नाही. तेव्हा लिहा बाबांनो, पंगत घालून लिहा नाहीतर उपाशी लिहा.

बांधकरी
औसेकरांपुढं बोलायची माझी लायकी नाही, पण मूळ मुद्द्यावर येतो. 'काय चुकलं' ते मांडवात वाचणार? आमच्या आज्यानं दोन घरं केली, बांध कोरला आणि दारूपायी बैलजोडी घालवली. खरं वाचलं तर भावकी काठ्या घेऊन उठंल. खोटं वाचलं तर तो फ्लेक्सच झाला, फक्त अक्षर बारीक. आम्ही म्हाळाला त्याच्या पानावर बिडीचं बंडल ठेवतो. सगळे हसतात. खोकून खोकून गेला हे सगळ्यांना माहीत आहे. तेवढं खरं बास झालं की.

माणदेशी_पोर
म्हशीपुढं मी हरलो. पंगत ठेवू, तिथंच एकाला वही घेऊन बसवू. पण बांधकरी, तुमचं पटत नाही. चुलते आणि माझे वडील बांधावरनं अकरा वर्षं बोलत नव्हते. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला पहिले चुलतेच पुढं आले आणि ओढ्यापर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नाही. भांडण झाकलं तर त्या खांद्याला काय अर्थ राहिला?

बांधकरी
आणि बांध कुणाकडं राहिला?

माणदेशी_पोर
त्यांच्याकडं.

बांधकरी
हे लिहिणार? त्यांची पोरं समोर बसलेली असताना?

माणदेशी_पोर
आईला विचारावं लागेल.

सासुरवाशीण
विचारता काय, त्यांनाच लिहू द्या. दोन्ही घरांचं त्यांनीच बघितलंय.

माणदेशी_पोर
आई अंगठा करते. पण सांगेल ती. दुपारची भांडी झाली की वही घेऊन बसतो.