आकडे मी लिहायचे, आणि चर्चा सुरू झाली की बाहेर थांबायचं?

खाट क्रमांक ७

लेक सहा वर्षांची आहे. नेफ्रोटिक सिंड्रोम, पहिलीच खेप. लघवीतून प्रथिनं वाहून जातात आणि अंगावर सूज चढते. आणली त्या दिवशी तिचे डोळे उघडत नव्हते, मोज्याच्या रबराचा वळ संध्याकाळपर्यंत पोटरीवर तसाच. आज अकरावा दिवस. दिवसा मी, रात्री बायको. घरी दीड वर्षाचा धाकटा आहे, त्यामुळे आम्हा दोघांची गाठ पडते ती लिफ्टपाशी, आणि बोलणं काय तर "किती झाली?" "एकशे चाळीस." लघवी. मिलिलिटर.

वॉर्डच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की आई-वडील आमच्या टीमचा भाग आहेत. तिसऱ्या दिवशी सिस्टरनी माझ्या हातात इनपुट-आउटपुटचा तक्ता दिला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. नुसतं खुर्चीत बसून भिंत बघण्यापेक्षा हाताला काम मिळालं. तेव्हापासून पोटात गेलेला प्रत्येक घोट मी मोजतो, मापाच्या भांड्यात लघवी मी मोजतो, सकाळी तिच्यात प्रथिनं तपासायची पट्टी बुडवून मिनिटभराने रंग डबीवरच्या चौकोनांशी मी जुळवतो, वजनही मीच करतो.

दहा वाजता राउंड येतो. "पालकांनी बाहेर थांबा." दाराच्या काचेतून मला माझा तक्ता डॉक्टरांच्या हातात दिसतो. माझं अक्षर ओळखू येतं. ओठ हलताना दिसतात, बाकी काही नाही.

परवाचं सांगतो. रोजच्या वजनकाट्याची बॅटरी गेली म्हणून ड्रेसिंगच्या खोलीतला दुसरा काटा मिळाला. आदल्या दिवशी २०.७ होतं, ह्याच्यावर २१.३ भरलं. मला शंका आली, पण आकडा लिहिला. म्हटलं राउंडला सांगू. राउंडला मी बाहेर. आत कुणीतरी हिशेब केला की एका दिवसात सहाशे ग्रॅम पाणी साठलं, आणि दिवसाचं पाणी साडेसातशेवरून सहाशेवर आणलं. दुपारभर पोरगी बाटलीचं झाकण चाटत होती. संध्याकाळी नेहमीच्या काट्यात नवी बॅटरी पडल्यावर मी परत वजन केलं, २०.८. मग धावाधाव, मग पाणी पूर्ववत. डॉक्टर "सॉरी" म्हणाले, मनापासून म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा तेच, बाहेर थांबा.

मला भांडायचं नाही. मुलगी अजून त्यांच्याच हातात आहे, आणि माणसं वाईट नाहीत. विचारायचंय एवढंच, की हे बोलायचं कुणाशी आणि कसं? आणि टीमचा भाग म्हणून मी काय काय अंगावर घ्यायचं आणि कुठे "हे माझं काम नाही" म्हणायचं? बायको म्हणते, तक्ता परत देऊन टाक. मला ते पटत नाही, पण कारण सांगता येत नाहीये.

रात्रपाळी

सात नंबरचे बाबा, मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी तेवीस वर्षं झाली. तुमच्या काट्याची गोष्ट वाचून मी कपाळाला हात लावला. दोन काटे, एक तक्ता, आणि काटा बदलल्याची नोंद कुणीच केली नाही. ही चूक आमच्या बाजूची. पालक वजन करू देत, पण तो आकडा ड्युटीवरच्या सिस्टरनी बघून खाली सही करायची असते. सही नसेल तर उद्यापासून मागा. त्यात उद्धटपणा काही नाही.

तक्ता परत देऊ नका. नेफ्रोटिकची बहुतेक मुलं पहिल्या उपचाराला छान प्रतिसाद देतात आणि पुढे कधीतरी पुन्हा सुजतात. घरी गेल्यावर सकाळची पट्टी तुम्हालाच बुडवायची आहे, वहीत तुम्हालाच लिहायचंय. पट्टीवर सलग तीन दिवस तीन प्लस, म्हणजे भरपूर प्रथिनं, आलं की फोन तुम्हीच करणार. ते सगळं आमच्या डोळ्यांसमोर शिकून गेलेलं चांगलं. बायकोला हे कारण सांगा.

आता काय घ्यायचं आणि काय नाही. अंघोळ, भरवणं, मोजमाप, तोंडाने द्यायचं औषध सिस्टर समोर असताना, हे जमेल तसं घ्या. सलाईनच्या नळीला हात लावायचा नाही, पंप वाजला तरी त्याचं बटण दाबायचं नाही, शिरेतून जाणारं काहीही द्यायचं नाही, कुणी घाईत "एवढं करा ना" म्हणालं तरी. आणि रक्त काढताना मुलीला दाबून धरायचं काम तर मुळीच घेऊ नका. पूर्वी आम्ही बापाला सांगायचो, पाय धरा. पोर बापाकडे ज्या नजरेने बघायचं ती मला अजून आठवते. हल्ली मी मुलाला पालकाच्या मांडीवर बसवते, छातीला छाती, त्याचे हात त्यांच्या कमरेभोवती, आणि सुईचा हात मागच्या बाजूने माझ्याकडे. बाप मिठी मारतो, हात स्थिर आम्ही धरतो. वेळ तेवढाच लागतो.

बाहेर का काढतात? खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी सवय म्हणून. शेजारच्या खाटेची खासगी माहिती कानावर जाऊ नये हे कारण खरं आहे, पण त्यासाठी तुमच्या खाटेपाशी तुम्ही असायला काय हरकत?

सवयीवरून आठवलं. नर्सिंगला असताना आम्हाला शिकवलं होतं की इंग्लंडात कितीतरी रुग्णालयांत आईबापांना ठरावीक दिवशी, ठरावीक तासच आत सोडायचे. का, तर आई निघाली की पोर रडतं, आणि आलीच नाही तर दोन-तीन दिवसांत गप्प होतं. त्या गप्प होण्याला "रुळलं" म्हणायचे. जेम्स रॉबर्टसन या समाजकार्यकर्त्यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीच्या आठ दिवसांच्या मुक्कामाची चित्रफीत केली, तेव्हा दिसलं की ते रुळणं नव्हे, पोरीने आशा सोडलेली असते. डॉक्टर-नर्स मंडळी ती बघून चिडली होती. १९५९ साली रुग्णालयातल्या मुलांसाठी नेमलेल्या सरकारी प्लॅट समितीचा अहवाल आला, त्यात भेटीची वेळ खुली करा, लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्या, असं स्पष्ट म्हटलं. त्यानंतरही कित्येक वॉर्डांची दारं उघडायला वर्षं गेली. तुमच्या राउंडचं दार त्याच घराण्यातलं आहे.

बोलायचं वॉर्डच्या मुख्य सिस्टरशी, राउंडच्या आदल्या संध्याकाळी, उभ्या उभ्या नव्हे. वाक्य साधं ठेवा: "आकडे मी लिहितो, तर त्यांची चर्चा चालू असताना मला खाटेपाशी उभं राहायचंय." आणि कागदावर तीन ओळी लिहून ठेवा. काल काय बदललं, मला काय खटकतंय, आज मला काय कळायला हवं. राउंडच्या गर्दीत मोठमोठ्या माणसांची बोबडी वळते, कागद बरा.

स्पष्टवक्ता

डॉक्टरांना त्यांचं काम करू द्या की. विमानात बसल्यावर पायलटच्या केबिनमध्ये जाता का?

खाट क्रमांक ७

@स्पष्टवक्ता, इंधनाचा काटा मला वाचायला दिला असता तर गेलो असतो.

@रात्रपाळी, मांडीवर बसवण्याचं आज सांगून बघितलं. रक्त घ्यायला आलेल्या मुलाने आधी "असं नाही जमत" म्हटलं, मग जमलं. रडली, पण नंतर माझ्यावर रुसली नाही. गेल्या वेळी दोन तास बोलली नव्हती.

निवासी

दुसऱ्या बाजूने बोलतो. बालरोग विभागात शिकाऊ डॉक्टर आहे, राउंडला केस मांडणारा तो घाबरट प्राणी मीच.

पालक बाहेर असले की आम्हाला सोपं जातं, हे कबूल. सरांनी प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही तर ते आईसमोर नको. निदानाबद्दल शंका मोठ्याने बोलायची असते, "हे असेल का, ते असेल का", आणि त्यातला सगळ्यात वाईट शब्द तेवढा पालक धरून बसतात अशी भीती असते. राउंड लांबेल हीपण भीती. ह्यातली शेवटची तरी खरी नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उत्तर अमेरिकेतल्या सात रुग्णालयांच्या मुलांच्या विभागांचा अभ्यास आला होता. राउंडला पालकांना बोलायला लावायचं, सोप्या भाषेत मांडायचं, शेवटी ठरलेलं त्यांच्याकडून वदवून घ्यायचं, अशी पद्धत त्यांनी पालकांबरोबर बसून बसवली. एकूण चुकांचा दर तसाच राहिला, पण मुलांना प्रत्यक्ष इजा करणाऱ्या चुका सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्या. राउंडला लागणारा वेळ वाढला नाही.

मला त्यातला चुकांचा भाग तुमच्या काट्यामुळे नीट कळला. चूक आधीच झालेली होती, काटा बदलला तेव्हाच. ती पोरीपर्यंत पोचायची थांबवू शकेल असा माणूस एकच होता, आणि तो काचेच्या पलीकडे.

एक विनंती मात्र. आमचा अर्धवट विचार कानावर पडला तर लगेच नेटवर शोधू नका. "हा शब्द आत्ता का घेतलात?" असं तिथेच विचारा. मी तर आता "समजलं ना?" विचारणं सोडलंय, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात. "घरी आजीला हे कसं सांगाल?" असं विचारतो. निम्म्या वेळा कळतं की मीच वाईट सांगितलं होतं.

एकतीस आठवडे

माझं बाळ एकतीस आठवड्यांतच जन्मलेलं, १३४० ग्रॅम. त्यामुळे तुमच्यापेक्षा वेगळं जग, पण बायकोबद्दल वाचून लिहावंसं वाटलं.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पहिल्या दिवसापासून मला आत घेतलं. बाळाला उघड्या छातीवर ठेवून बसायचं, त्यालाच कांगारू म्हणतात. ही पद्धत १९७८ साली बोगोटात सुरू झाली, आणि तिथे मुळात काचपेट्या अपुऱ्या होत्या म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे आठ ते चोवीस तास सांगते. २०२१ साली पाच देशांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक किलोपासून एक किलो आठशे ग्रॅमच्या आतली बाळं स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यावर लगेच आईच्या छातीवर दिली, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पाव हिश्श्याने कमी झाले. त्यासाठी आईची खाट बाळांच्या अतिदक्षता विभागातच टाकावी लागली. हे सगळं मला डॉक्टरांनी समजावून सांगितलं, आणि मला वाटलं आता मी उठायचंच नाही.

आठ ते चोवीस. मी चोवीसच ऐकलं. टाके ओले, पाठ मोडलेली, पण उठले की मॉनिटरकडे बघायचे. आकडा जरा खाली आला की वाटायचं, मी उठले म्हणून. नवव्या दिवशी एका सिस्टरनी बाळ उचललं, नवऱ्याच्या शर्टाची बटणं स्वतः सोडली आणि मला म्हणाल्या, "आज तुमची सुट्टी. झोपून या, मग सांगा बाळाला काय झालं ते." काही झालं नव्हतं. ऑक्सिजन ९५, बापाच्या छातीवर.

तक्ता परत दे म्हणणारी तुमची बायको कदाचित तक्त्याबद्दल बोलत नसेल. रात्रीच्या नोंदी ती करते का? एक चुकली तर काय, ह्या धास्तीने ती जागी असते का? विचारून बघा. आमच्याकडे कुणी हे विचारलं नाही, की आज तुम्हाला किती झेपेल. रोज विचारायला हवं होतं.

रात्रपाळी

एकतीस आठवडे, हे मी लिहायला हवं होतं. राहिलं. माझ्याकडे एक आई होती, जखमेच्या ड्रेसिंगला भोवळ येऊन पडली, आणि तरी रोज मदतीला उभी राहायची, कारण दारावरचा बोर्ड तिने वाचला होता. शेवटी तिला सांगितलं, तुम्ही गोष्ट सांगा, ड्रेसिंग आमचं. ती गोष्ट अर्ध्या वॉर्डाने ऐकली.

खाट क्रमांक ७

उशीर झाला, पण खबर देतो.

बायकोला विचारलं. लिफ्टपाशीच. ती रात्री मोबाइलला दर दोन तासांनी गजर लावत होती, पोरगी उठली आणि लघवी मोजायची राहिली तर म्हणून. मला माहीतच नव्हतं. आता रात्रीच्या नोंदी सिस्टर करतात. मुख्य सिस्टरशी बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, "रात्रीचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" कुणीच नाही. तक्त्यात रकाने होते म्हणून ती भरत होती.

राउंडला उभं राहायला मिळालं. डॉक्टरांना ते फार आवडलं असं नाही, एकदा माझ्याकडे बघून आवाज खाली गेला. पण मोठ्या सरांनी तक्ता उचलला आणि विचारलं, "वजन कुठल्या काट्यावर?" वजनाच्या आकड्याखाली आता "का. १" किंवा "का. २" असं लिहायचं ठरलंय, बाकी खाटांनाही.

खरी गंमत पोरीची. आम्ही सगळे तिच्या डोक्यावरून बोलत असताना ती म्हणाली, "माझ्या शूबद्दल तुम्ही सगळे मला सोडून का बोलता?" सर हसले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांना कायम मानेन. खाली बसले आणि पट्टी कशासाठी ते तिला सांगितलं. पिवळी राहिली तर छान, हिरवी झाली तर अजून औषधाला काम आहे.

आता पट्टी ती बुडवते. मी मिनिट मोजतो, डबी तिच्या हातात असते आणि मला बघू देत नाही. काल पिवळी. आजही पिवळी, "थोडीशी कच्च्या रंगाची" असं तिचं म्हणणं, सिस्टरनी "ट्रेस", म्हणजे अगदी किंचित, असं लिहून सही केली. असे सलग तीन दिवस यायला हवेत. उद्या सकाळी सहाला उठवायला सांगितलंय मला, तिनेच.