सुरुंगरोधक वाहन असताना जवान पायी का चालतात?

प्रश्न (कुरखेडा तालुका): १ मे २०१९ रोजी आमच्या तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ खासगी वाहनातून निघालेले १५ पोलीस आणि वाहनचालक भूसुरुंगाच्या स्फोटात मृत्युमुखी पडले. हे दुःख आम्ही अजून विसरलेलो नाही. सुरुंगरोधक वाहने उपलब्ध असताना गडचिरोली पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी दलाचे जवान जंगलातून पायीच का जातात?

उत्तर (धानोरा): या वाहनाचा तळ इंग्रजी व्ही आकाराचा असल्याने स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फेकला जातो, परंतु मोरीखाली स्फोटके भरपूर पेरलेली असतील तर एवढे जड वाहनही उलटते. शिवाय ते रस्त्यालाच बांधलेले असते आणि त्याची वाट शत्रूला आधीच ठाऊक असते. म्हणून रस्ता मोकळा करणारी तुकडी दोन्ही कडांनी पायी चालत नुकतीच उकरलेली माती, पाचोळ्याखालून गेलेली वायर आणि मोरीचे तोंड तपासते. काम संथ आहे, पण त्याला पर्याय नाही.

उत्तर (एटापल्ली): माझ्या मते खरे बळ माणसांतच आहे. १९९० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या दलात जिल्ह्यातीलच तरुण घेतल्याने त्यांना गोंडी, माडिया बोलता येते आणि नाले-डोंगर पायाखालचे असतात. मात्र जखमी जवानाला वेळेत बाहेर काढायचे असेल, तर हेलिकॉप्टरला तोड नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग रस्ता डांबरी झाल्याने धोका कमी होतो का?

उत्तर (धानोरा): होतो, कारण पक्का थर गुपचूप खोदणे कठीण असते, मोऱ्या मात्र तपासाव्याच लागतात.