बाळ उभं राहायला लागलंय, घरात नेमकं काय हलवू?

पिल्लूची_आई
आमचं पिल्लू साडेनऊ महिन्यांचं, परवापरवापर्यंत पोटावर सरकत होतं आणि आता सोफा धरून उभं राहतंय. सॉकेटला झाकणं लावली, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावलं. सासूबाई म्हणतात एवढा बाऊ कशाला, लक्ष ठेवलं की झालं. पण दोघंही दमून घरी येतो, लक्ष ठेवून ठेवून किती ठेवणार? आणि नणंद वॉकर पाठवतेय, घेऊ का?

जुळ्यांचा_बाबा
वॉकर अजिबात नको. त्यातलं पोर सेकंदाला मीटरभर पळतं, तुम्ही उठेपर्यंत जिन्यापाशी. कॅनडात तर 2004 पासून विक्रीवरच बंदी आहे. आणि त्याने लवकर चालतात वगैरे काही नसतं.
कोपऱ्याच्या रबराने फार तर टेंगूळ वाचेल हो, आधी ड्रॉवरचं कपाट भिंतीला ब्रॅकेटने फिक्स करा. खालचे ड्रॉवर उघडून त्यावर पाय देऊन चढतात आणि वरच्या टीव्हीसकट सगळं अंगावर.

रात्रपाळी_नर्स
कॅज्युअल्टीत काम करते म्हणून सांगते, पडलेली मुलं सगळ्यात जास्त येतात पण बहुतेक रडून हसत घरी जातात. धडकी भरते ती भाजलेल्यांची. 60 डिग्रीचं पाणी पाचेक सेकंदात खोल भाजतं, लहानांची कातडी पातळ, त्यांना तेवढाही वेळ लागत नाही. लोंबणारा टेबलक्लॉथ आजच काढा. आणि बादलीत पाणी ठेवू नका, या वयात डोकं जड असतं, वाकून पाहताना आत जातात आणि आवाजसुद्धा येत नाही.
दुसरं म्हणजे बटण सेल. रिमोट, वजनकाटा, खेळणी, सगळीकडे असतात. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळायला लागतो. उलटी काढायची नाही, थेट हॉस्पिटल.
सासूबाईंचं चूक नाही, पण अपघात होतो तो नेमका स्वयंपाकाच्या घाईत, पाहुणे आलेले असताना, किंवा मोठ्या भावंडाला "जरा बघ रे" म्हटल्यावर. पाहुण्यांच्या पर्समधल्या गोळ्या तर कुणाच्या डोक्यातच येत नाहीत!

जुना_मेंबर
आमची पोरं असल्या झाकणांशिवायच वाढली की.

रात्रपाळी_नर्स
काका, वाढली ती दिसतात.

पिल्लूची_आई
बापरे, वजनकाटा पलंगाखालीच आहे, काढते. भाजल्यावर टूथपेस्ट लावतात ते बरोबर का?

रात्रपाळी_नर्स
नाही, बर्फही नाही. नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं, बाकी अंग उबदार ठेवून. कपडा चिकटला असेल तर ओढू नका. बाळ आहे तर छोटं भाजलं तरी दाखवून घ्या.

पिल्लूची_आई
थँक्यू ताई. वॉकर नको कळवलं, नणंदबाई फुगल्यात. भाड्याचं घर आहे, भिंतीला भोकं पाडली तर मालक ओरडतील का?

जुळ्यांचा_बाबा
आधी विचारून घ्या, दोन भोकांचा प्रश्न आहे, सोडताना पुट्टी भरून द्यायची. तोपर्यंत टीव्ही खाली उतरवा आणि जड सामान खालच्या ड्रॉवरमध्ये टाका.