मदत हवी आहे: स्तन तपासणीच्या हजेरीची टक्केवारी काढताना छेद (ज्या संख्येने भागायचं ती) कोणता धरावा?

सरकारी निधी वाढला की एखाद्या प्रदेशात मॅमोग्राफीची (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची) हजेरी वाढते का, हे तपासतेय. वयोगट 50 ते 69, दर 2 वर्षांनी. अडलंय ते छेदापाशी. सगळ्या पात्र स्त्रिया धरल्या तर टक्केवारी घसरते, फक्त बोलावणं गेलेल्या धरल्या की छान दिसते. (स्तन तपासणीच्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांतली किमान 70 टक्के हजेरी निमंत्रितांवरच मोजतात.) गाठ लागली म्हणून आलेल्या वगळल्यात. दरडोई निधीशी तुलना करून झाली, पण यंत्रखरेदीच्या वर्षी निधीचा आलेख उडी मारतो. माझ्याकडे फक्त एकत्रित वार्षिक आकडे आहेत, खासगी तपासण्यांची नोंद नाही. अशा वेळी छेद कोणता घेऊ, आणि यंत्रांचा खर्च वेगळा काढू की वर्षांवर विभागू?