सकाळी पहिल्या प्रयत्नात सुरू न होणारा डेस्कटॉप आणि रोज मागे जाणारी तारीख

प्रश्न : वाशिष्ठीकाठ

नमस्कार. मी चिपळूणला राहणारा निवृत्त शिक्षक आहे. आमच्या घरी २०१२ साली सुटे भाग जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात दुसऱ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, प्रत्येकी ४ जीबीच्या डीडीआर-३ रॅमच्या दोन पट्ट्या आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. काही वर्षांपूर्वी त्यावर नव्याने विंडोज १० टाकून घेतले होते. जुलै २०२१च्या पुरात आमचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर असल्याने यंत्राला पाणी लागले नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण इथे प्रत्येक जण तोच प्रश्न प्रथम विचारतो.

गेल्या पावसाळ्यापासून तक्रारी सुरू झाल्या आहेत. सकाळी बटण दाबले की कॅबिनेटचा पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. पाच-सहा वेळा, कधी दहा वेळा बटण दाबल्यावर यंत्र सुरू होते आणि एकदा सुरू झाले की दिवसभर विनातक्रार चालते. त्याच सुमारास घड्याळ मागे पडू लागले. आता तर तारीख थेट कित्येक वर्षे मागे जाते, बँकेचे संकेतस्थळ सुरक्षित नसल्याची सूचना येते आणि तारीख दुरुस्त केल्याशिवाय काहीही उघडत नाही. गेल्या आठ दिवसांत यात तिसरी भर पडली आहे. काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ असा संदेश येतो, एफ-१ दाबल्यावर विंडोजचे चिन्ह दिसते आणि लगेच निळा पडदा येऊन ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहून येते.

गावातील एका दुकानदाराने यंत्र पाहून मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही गेल्याचे सांगितले व नवीन यंत्र घेण्याचा सल्ला दिला. डिस्कवर आमच्या गृहनिर्माण संस्थेचे नऊ वर्षांचे हिशेब आणि घरची छायाचित्रे आहेत, म्हणून निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. आणखी एक गोष्ट, जिचा संबंध असेल की नाही हे मला कळत नाही : कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात.


उत्तर : खोडरबर

सर, कोकणातील दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर जमतो आणि पावसाळ्यात यंत्रे सुरू न होण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढावी, रॅमच्या दोन्ही पट्ट्या बाहेर काढून त्यांचे संपर्क मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत, खोडरबराचा चुरा खाचेत पडणार नाही याची काळजी घ्यावी आणि नंतर एका वेळी एकच पट्टी लावून पाहावे. निळ्या पडद्यासाठी मात्र डिस्क फॉरमॅट करून विंडोज पुन्हा टाकणे हाच मार्ग मला दिसतो.


उत्तर : जांभळी तार

कृपया डिस्क फॉरमॅट करू नये. आपण दिलेल्या वर्णनात डिस्क बिघडल्याचा एकही पुरावा मला दिसत नाही, आणि मदरबोर्ड गेल्याचा तर त्याहून नाही. ज्या मदरबोर्डाने प्रोसेसर जागा केला, रॅम तपासली आणि पडद्यावर अक्षरे उमटवली, त्याला मृत ठरवण्याची घाई दुकानदाराने का केली हे त्यालाच ठाऊक. मी वीस वर्षे हेच काम केले आहे. यंत्र सुरू होताना नेमके कोणत्या पायरीवर अडते, हे पाहिल्याशिवाय मी गिऱ्हाईकाला कोणताही भाग विकत घ्यायला सांगत नसे.

आपले यंत्र दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर अडते आहे. पंखा फिरून थांबतो ती अगदी पहिली पायरी, म्हणजे वीजपुरवठ्याची. रॅमचा संपर्क बिघडला असता तर बहुधा पंखे फिरत राहिले असते, पडदा काळा राहिला असता आणि मदरबोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असल्यास बीपचे आवाज आले असते. (हल्लीच्या बहुतेक कॅबिनेटांत तो स्पीकर नसतोच, त्यामुळे निम्मे निदान मुके झाले आहे.) रॅम पुसण्यात तोटा काही नाही, जरूर पुसावी, पण माझा संशय एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीवरची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या डब्यावर आहे.

संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत एसएमपीएसमधील एक छोटे मंडल (सर्किट) जागे असते. ते जांभळ्या तारेतून मदरबोर्डाला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा देते आणि आपण पुढचे बटण दाबल्याचे मदरबोर्डाला कळते ते याच पुरवठ्याच्या जोरावर. हे मंडल वर्षानुवर्षे अहोरात्र तापत राहिल्याने त्यातील लहान कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सर्वांत आधी सुकतात. सुकत आलेला कपॅसिटर थंड असताना अधिक वाईट वागतो आणि जरा गरम झाला की कामापुरता सावरतो. सकाळी अडणारे आणि नंतर दिवसभर चालणारे यंत्र पाहिले की मला प्रथम हेच आठवते.

दुसरा बिघाड मदरबोर्डावरील नाण्यासारख्या सेलचा आहे. वीज बंद असताना यंत्राचे घड्याळ तीच चालू ठेवते. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते : २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. भिंतीवरचे बटण चालू असते तेव्हा घड्याळाला तोच राखीव पुरवठा मिळतो आणि सेलला काम पडत नाही. म्हणून मला एक प्रश्न विचारायचा आहे : आपण रात्री भिंतीवरचे बटण बंद करता का, आणि करत असल्यास केव्हापासून?

शक्य असल्यास एखाद्या वायरमनकडून मल्टिमीटर मागून घ्यावा आणि तो २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. मदरबोर्डात बसलेल्या २४ पिनांच्या रुंद कनेक्टरच्या मागच्या बाजूने, तारेशेजारच्या फटीतून, काळी पिन कोणत्याही काळ्या तारेला आणि लाल पिन जांभळ्या तारेला टेकवून, यंत्र सुरू करण्यापूर्वीचा आकडा लिहून ठेवावा. तो ४.७५ ते ५.२५च्या दरम्यान असायला हवा. यंत्र सुरू झाल्यावर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर पुन्हा ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळायला हवेत. हिरवी आणि काळी तार जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून दाखवण्याची जी युक्ती दुकानांत चालते, तिच्यावर विसंबू नये. पंखा फिरवण्यापुरता जोर मरणासन्न एसएमपीएसमध्येही असतो, खरी परीक्षा भार पडल्यावर होते.

एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये. २३० व्होल्टच्या विजेपासून आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होतात आणि वायर काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेला विद्युतभार काही काळ राहू शकतो.


उत्तर : तीन पिना

झिणझिण्यांबद्दल लिहितो. एसएमपीएसच्या आत विजेच्या दोन्ही तारांपासून पत्र्याकडे जाणारे दोन लहान कपॅसिटर असतात. विजेतील गोंगाट गाळणे हे त्यांचे काम असून त्यातून निसटणारा अल्पसा प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर पत्रा जवळपास निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने झिणझिण्यांवर भागते, परंतु त्याच अवस्थेत कधी आतील तारेचे आवरण फाटून पत्र्याला लागले तर प्रकरण झिणझिण्यांवर थांबणार नाही. स्पाइक गार्डची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावली आहे का, ते आधी पाहावे. निम्म्या घरांत दोष तिथेच सापडतो. तसे नसेल तर वायरमनकडून सॉकेटमधील अर्थ आणि इमारतीचा अर्थिंगचा खड्डा तपासून घ्यावा. जांभ्या दगडाच्या जमिनीत हा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की त्याचा उपयोग फार कमी होतो.


वाशिष्ठीकाठ

सर्वांचे आभार. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. गेल्या वर्षी मे महिन्यात वळिवाच्या पावसात शेजारच्या इमारतीवर वीज पडून तिथले दोन टीव्ही जळाले. तेव्हापासून आम्ही रोज रात्री संगणकाचे भिंतीवरचे बटण बंद करतो. त्यापूर्वी ते वर्षानुवर्षे चालूच असे. तक्रारी त्यानंतर महिन्याभरात सुरू झाल्या, पण हा संबंध मला सुचला नव्हता.

रॅम पुसून पाहिली, फरक पडला नाही. आज सकाळी साडेसहाला मोजलेले आकडे असे आहेत. भिंतीवरचे बटण चालू केल्यावर जांभळ्या तारेवर ४.४१ व्होल्ट होते, पुढचे बटण दाबताच ते ३.८च्या जवळ आले आणि पंखा फिरून थांबला. बटण चालू ठेवून वीस मिनिटांनी मोजले तेव्हा ४.७८ होते आणि यंत्र दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले. त्यानंतर पिवळ्यावर ११.७, लालवर ४.९६ आणि नारिंगीवर ३.३१ मिळाले. सेल बाहेर काढून मोजली तर फक्त २.१ व्होल्ट. स्पाइक गार्ड दोन पिनांच्या अडॅप्टरमधूनच लावलेला होता, हे कबूल करतो.


जांभळी तार

याहून स्पष्ट आकडे मिळणार नाहीत. रात्री बटण बंद करण्याच्या आपल्या सवयीने दोन लपलेले बिघाड उघडे पाडले. राखीव मंडल पूर्वी कधी थंडच होत नव्हते, म्हणून त्याचे सुकलेले कपॅसिटर कळले नाहीत. सेल कदाचित बऱ्याच काळापासून संपत आली असेल, पण तिच्यावर घड्याळ चालवण्याची वेळच येत नव्हती. एसएमपीएस आणि सेल, एवढेच बदलावे. मदरबोर्डाला हात लावू नये.

एसएमपीएस घेताना डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटकडे पाहू नये, बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. ‘४५० वॅट’ असे मिरवणाऱ्या स्वस्त डब्यावर तिथे १४ अँपिअर लिहिलेले असतील, तर १२ व्होल्टवर तो १६८ वॅटच देतो हे उघड आहे. आपला प्रोसेसर ६५ वॅटचा आहे आणि ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे नावाजलेल्या कंपनीचा ३५० ते ४५० वॅटचा एसएमपीएस भरपूर होईल. जोडताना २४ पिनांच्या कनेक्टरबरोबर प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा चौकोनी कनेक्टर विसरू नये. तो राहिला की पंखे फिरतात, पडदा काळा राहतो आणि नवा एसएमपीएस खराब निघाला असे वाटून माणूस दुकानात परत जातो.

आता निळा पडदा. आपल्या संदेशाचा उत्तरार्ध ‘डिफॉल्ट्स लोडेड’ असा आहे आणि सारे इंगित तिथे आहे. सेल पूर्ण बसल्यावर बायॉसमधील, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्रॅममधील, सर्व निवडी पुसल्या गेल्या आणि कारखान्यातील मूळ निवडी आल्या. साटा ही डिस्क मदरबोर्डाला जोडण्याची जोडणी असून आयडीई (जुनी) आणि एएचसीआय (नवी) या तिच्यावरून डिस्क वाचण्याच्या दोन रीती आहेत. त्या काळातील अनेक एच-६१ मदरबोर्डांवर साटाची मूळ निवड आयडीई असे, तर आपले विंडोज बसवताना ती बहुधा एएचसीआय केलेली होती. निवड बदलल्यामुळे विंडोजला सुरुवातीच्या क्षणी स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही. डिस्क जागेवर आहे, वाचण्याची रीत बदलली आहे. नवी सेल घातल्यानंतर डिलीट कळ दाबून बायॉसमध्ये जावे, तारीख व वेळ नीट करावी, साटा मोड एएचसीआय करावा आणि एफ-१० दाबून जतन करावे. आधी सेल, मग निवड, हा क्रम सांभाळावा, अन्यथा दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच पडदा दिसेल.

यंत्र सुरू होताच सर्वप्रथम हिशेब आणि छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. आज बिघाड डिस्कचा नसला तरी तिचे वय झाले आहे. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘रीअॅलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या डिस्कवरील खराब व संशयास्पद जागा मोजणाऱ्या दोन ओळी पाहाव्यात, त्यांच्यासमोर शून्य असेल तर उत्तम.


खोडरबर

फॉरमॅटचा माझा सल्ला मी मागे घेतो. आयडीई आणि एएचसीआयचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.


वाशिष्ठीकाठ

काम झाले. सेल काल बदलली, एसएमपीएस आज रत्नागिरीहून आला. आमच्या बायॉसमध्ये साटा मोड खरोखरच आयडीईवर होता. तो एएचसीआय केल्याबरोबर विंडोज पूर्वीसारखे उघडले आणि हिशेबाची एकही फाइल गेलेली नाही. सर्व काही दोन ठिकाणी उतरवून ठेवले आहे. डिस्कच्या त्या दोन्ही ओळींसमोर शून्य आहे. आज मुद्दाम बटण चार तास बंद ठेवून पुन्हा सुरू केले, तर यंत्र पहिल्या प्रयत्नात सुरू झाले आणि तारीखही जागेवर होती. अडॅप्टर काढून टाकून वायरमनकडून भिंतीत तीन पिनांचा सॉकेट बसवून घेतला, आता पत्र्याला हात लागला तरी काही जाणवत नाही.

जुना एसएमपीएस ई-कचऱ्यात देण्यासाठी बाजूला ठेवला आहे. नातवाला शाळेच्या प्रकल्पासाठी त्यातील पंखा हवा आहे. आठवडाभर तसाच ठेवून मग डबा उघडला तर चालेल का?


जांभळी तार

आठवड्यात तो भार बहुधा उतरलेला असेल, पण ‘बहुधा’ या शब्दावर नातवाचा हात आत जाऊ देऊ नये. १२ व्होल्टचा कॅबिनेटचा पंखा दुकानात सुटा मिळतो, तो आणून द्यावा.