युरिया वाचेल, पण आधी सोडियम तपासा

डेअरीचं धुण्याचं पाणी मक्याला दिलं तर युरिया बंद करता येईल का, असा एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. आधी हिशोब मांडू. समजा त्या पाण्याच्या तपासणीत लिटरला ५० मिलिग्रॅम नत्र (नायट्रोजन) आलं. एकरभर रानात एक इंच पाणी म्हणजे साधारण एक लाख लिटर, म्हणजे ५ किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या पोत्याचा चौथा हिस्सा. तेही बरंचसं प्रथिनांत अडकलेलं. जिवाणूंनी कुजवल्याशिवाय पिकाला मिळत नाही. म्हणून युरिया कमी करा, एकदम बंद नको.

मला खरी काळजी आहे ती आपल्या सोलापूरच्या काळ्या मातीची. डेअरीत टाक्या, पाइप कॉस्टिक सोड्याने धुतात. त्यातलं सोडियम चिकणमातीत बसलं की माती फुगते, निचरा थांबतो, रान चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक होतं. ते सुधारायला जिप्सम आणि वर्षं दोन्ही लागतात. त्यामुळे नत्रासोबत क्षारता आणि सोडियमचं प्रमाण तपासल्याशिवाय पाणी घेऊच नका, फुकट असलं तरी. आणि कच्चं, म्हणजे प्रक्रिया न केलेलं पाणी तर नाहीच. ते कुजताना मुळांजवळचा प्राणवायू संपतो. डाळिंबाला मी प्रक्रिया केलेलंसुद्धा देणार नाही.