थांबणे आणि धीर
वस्तूंची ओढ असलेला माणूस उतावीळ आणि उदार माणूस धीराचा, असे एक मत मांडले जाते. यवतमाळकडचा कापूस पाहता मला ते अर्धेच पटते. २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलमागे १०,००० रुपयांच्या वर गेला, आणि त्याच आशेने पुढच्या वर्षी आमच्याकडे अनेकांनी साठवलेल्या कापसामुळे अंगाला खाज सुटत असतानाही तो घरातच ठेवला, पण भाव उतरले. तो धीर नव्हता, ती मोठी जोखीम होती. उलट, ज्याच्यावर सावकाराचे व्याज चढत होते त्याने पहिल्या वेचणीचा कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, विकला, त्याला उतावीळ म्हणणे अन्यायाचे आहे. उदारपणाचा संबंध मला वेगळ्या ठिकाणी दिसतो: अडल्यावेळी शेजाऱ्याला बियाणे उसने देणाऱ्याला नापिकीत गावाचा आधार मिळतो, म्हणून तो उशिरा येणाऱ्या तुरीची वाट पाहू शकतो.